"काय लावू?" असं विचारणाऱ्यांसाठी

आज सकाळी घरच्या ग्रुपवर एका भावंडाने मांडीवरच्या चट्ट्याचा फोटो टाकला. अर्धा चट्टा अंधारात, अर्धा अंगठ्याखाली. सोबत दोनच शब्द, "काय लावू?" आणि लगेच सगळे कामाला लागले. कुणी ट्यूबचं नाव सांगितलं, कुणी कपाटातून तीच ट्यूब काढून तिचा फोटो टाकला, आत्याने लिहिलं, "मला तर एका रात्रीत फरक पडला होता." हे नेमकं आहे काय, कधीपासून आहे, खाजतं का, घरात आणखी कुणाला आहे का, हे कुणीही विचारलं नाही. रोग कुणाला माहीत नाही, औषध मात्र प्रत्येकाकडे हजर!

तिथे काही लिहिलं असतं तर "तू फार मनावर घेतेस" ऐकावं लागलं असतं. म्हणून इथे लिहितेय.

मनावर घेते, कारण ताईचं सगळं मी जवळून पाहिलंय. तिला कमरेपाशी गोल चट्टा उठला होता. कडा लालसर, जराशी उंच आणि खपली धरलेली, मधला भाग जवळजवळ साफ. सरळसरळ गजकर्ण. पण डॉक्टरांकडे जायच्या आधीच कुणीतरी प्रेमाने "ही लाव, मस्त आहे" म्हणत ट्यूब हातात ठेवली. आणि ट्यूब खरंच मस्त निघाली. खाज गेली, लाली गेली, ताई खूश. लावायचं थांबवल्यावर चट्टा परत आला, आधीपेक्षा मोठा. पुन्हा ट्यूब, पुन्हा आराम, पुन्हा चट्टा. कमरेवरून जांघेत, जांघेतून मांडीवर.

ट्यूबमध्ये होतं स्टेरॉइड. गजकर्ण म्हणजे बुरशी, आपल्या त्वचेच्या वरच्या थरातल्या केराटिन नावाच्या प्रथिनावर जगणारी. लाली आणि खाज ही आपल्या शरीराने त्या बुरशीशी चालवलेली झटापट असते. स्टेरॉइड बुरशीला हातही लावत नाही, ते फक्त ही झटापट थांबवतं. म्हणजे चोर घरात शिरलाय म्हणून भुंकणाऱ्या आपल्याच कुत्र्याला गुंगीचं औषध द्यायचं आणि मग म्हणायचं, बघा, किती शांत वाटतंय! पुढे तर चट्ट्याची ती ओळखीची कडाही पुसट होत जाते आणि तज्ज्ञांनाही पटकन ओळखू येत नाही. आइव्ह आणि मार्क्स या दोन डॉक्टरांनी १९६८ मध्येच हा प्रकार नोंदवून त्याला 'टिनिया इनकॉग्निटो' असं नाव दिलं होतं, वेषांतर केलेलं गजकर्ण. इतकी वर्षं झाली आणि आपण अजून "एका रात्रीत फरक" यावरच खूश.

आता कुणीतरी म्हणेलच, म्हणजे स्टेरॉइड वाईट का? नाही हो. मान्य आहे. १९५२ मध्ये हायड्रोकॉर्टिझोन हे स्टेरॉइड त्वचेवर लावून उपयोग होतो हे दिसलं आणि इसब असलेल्या असंख्य लोकांचं जगणं सुसह्य झालं. इसबावर योग्य ताकदीचं स्टेरॉइड, योग्य मुदतीपुरतं, हाच बरोबर उपचार आहे. उलट तिथे लोक घाबरून इतकं कमी लावतात की गुण येत नाही. (मापही सोपं असतं. बोटाच्या शेवटच्या पेरावर ट्यूबमधून जेवढी रेघ निघते ते साधारण अर्धा ग्रॅम, मोठ्या माणसाच्या दोन तळहातांएवढ्या भागाला पुरेल इतकं.) आणि इसबात खरं काम करतं ते मॉइश्चरायझर. आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच, भरपूर, रोज. पण ते कुणी ग्रुपवर सुचवत नाही, कारण त्याने एका रात्रीत फरक पडत नाही ना.

माझा राग आहे तो इथे. गजकर्ण आणि इसब, दोन्ही चट्टे लाल, दोन्ही खाजणारे, एकाला जे औषध तेच दुसऱ्याला खतपाणी. आणि हे फोटोवरून ठरवणार कोण, आपण? गोल दिसलं की गजकर्ण असंही नसतं. नाण्यासारखं गोल इसब असतं. सोरायसिसचे चट्टे गोल असू शकतात. सावळ्या त्वचेवर तर लाली लाल दिसतच नाही, तपकिरी किंवा जांभळट दिसते, त्यामुळे इंटरनेटवरच्या गोऱ्या कातडीच्या फोटोंशी स्वतःचा हात जुळवत बसणं म्हणजे निव्वळ करमणूक.

ताईच्या बाबतीत शेवटी काय केलं डॉक्टरांनी? कडेची थोडी खपली खरवडून काचेवर घेतली, वर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरली. बुरशीचे धागे समोर. दुखणं नाही, सुई नाही. एवढीशी तपासणी, आणि त्याआधी किती ट्यूबा रिकाम्या! तोवर जांघेतली कातडी पातळ होऊन तिथे पोटावर बाळंतपणानंतर उमटतात तसे व्रण पडले होते. गजकर्ण गेलं, पण गोळ्या घेऊन, खूप वेळ लावून. ते व्रण मात्र जाणार नाहीत. आणि मधल्या काळात एकाच टॉवेलाने पुसून पुसून तिच्या मुलालाही झालं, ते वेगळंच.

खरजेचंही तेच. रात्री वाढणारी खाज, बोटांच्या बेचक्यांत, मनगटाला, कमरेला बारीक पुरळ, आणि घरात आणखी कुणी खाजवतंय, एवढं दिसलं तर आधी खरूज आठवावी. पहिल्यांदा होते तेव्हा किडा अंगात शिरल्यापासून खाज सुटेपर्यंत चार ते सहा आठवडे जातात. म्हणून "मला काही होत नाही, मी कशाला लावू?" म्हणणारा घरातला शहाणा माणूसच ती परत पसरवतो. पर्मेथ्रिन, म्हणजे खरजेचे किडे मारणारं औषध, घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री लावायचं, मानेपासून तळव्यांपर्यंत, नखांखालीसुद्धा, आणि आठवड्याभराने पुन्हा एकदा. कपडे, चादरी गरम पाण्यात. आणि हो, किडे मेल्यावरही खाज दोन-चार आठवडे राहू शकते, म्हणून रोज रोज औषध थापू नका. पण आपल्याकडे होतं काय, जो खाजवतो त्याला एकट्याला मलम आणि बाकीच्यांचे टोमणे.

टोमण्यांवरून आठवलं. ताईने इतका काळ कुणाला दाखवलं का नाही, हे मी तिला नंतर विचारलं. म्हणाली, "जागा कुठली ती बघ ना गं, आणि लोकांना वाटणार, ही स्वच्छ राहत नाही." माझी ताई! दिवसातून दोनदा आंघोळ करणारी. खरं तर ओलसर अंगावर लगेच घट्ट कपडे चढवल्याने बुरशीचं फावतंच. पण ते तिला कोण सांगणार, ती तर कुणाला विचारायलाच लाजत होती.

हे लिहिताना राग जरा उतरलाय. कारण ग्रुपवर "काय लावू?" विचारणाराही बहुतेक लाजूनच विचारत असतो. डॉक्टरांसमोर कपडा वर करण्यापेक्षा अंधारातला फोटो बरा वाटतो. सोरायसिस असलेल्या माणसाशेजारची खुर्ची लोक सोडतात, कोड असलेल्या मुलीचा हात धरायला बिचकतात. दोन्ही आजार स्पर्शाने पसरत नाहीत. दोन्हींत आपलीच प्रतिकारशक्ती वाट चुकलेली असते. सोरायसिसमध्ये एरवी महिनाभर लागणारं त्वचेचं नवं होणं काही दिवसांतच उरकतं आणि खपल्यांचे थर साचतात. कोडात रंग बनवणाऱ्या पेशीच मारल्या जातात. हे माहीत असलेली माणसंसुद्धा किंचित सरकून बसतात, मी पाहिलंय. मग माणूस चट्टा लपवेल नाही तर काय करेल?

प्रत्येक पुरळासाठी तज्ज्ञ गाठणं जमत नाही, हेही कबूल. लहानसं, स्पष्ट गजकर्ण असेल तर स्टेरॉइड नसलेलं क्लोट्रिमाझोल किंवा टर्बिनाफिनसारखं साधं बुरशीनाशक मलम लावून बघायला हरकत नाही. चट्ट्याच्या बाहेर दोन सेंटिमीटरपर्यंत, आणि दिसेनासं झाल्यावरही आठवडाभर तरी. ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन यातलं काही दिसलं की ते स्टेरॉइड, मग वर कुठलंही गोंडस नाव असो.

पण काही गोष्टींत डॉक्टरांकडे जायला थांबूच नका. फिकट चट्ट्यावर स्पर्श, गरम-गार कळत नसेल तर तो कुष्ठरोग असू शकतो. औषधांनी पूर्ण बरा होतो, उशीर झाला तर नसा जातात. अंगाच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखे दुखरे फोड आले तर नागीण, त्यावरचं औषध ७२ तासांच्या आत सुरू झालेलं चांगलं. अंगावर पित्ताच्या गांध्या उठल्या आणि सोबत ओठ सुजले किंवा श्वास लागला तर सरळ इमर्जन्सी. आकार किंवा रंग बदलणारा तीळ दाखवायलाच हवा.

आणि हे वाचून कुणी महिनोन्महिने लावत असलेली स्टेरॉइडची ट्यूब आज रात्री कचऱ्यात टाकणार असेल, तर तेही करू नका. विशेषतः चेहऱ्यावर लावत असाल तर एकदम थांबवल्यावर लाली आणि आग उलटून येते, आणि माणूस घाबरून पुन्हा तीच ट्यूब शोधतो. ताईने शेवटी केलं ते करा. आजवर लावलेल्या सगळ्या ट्यूबा, रिकाम्यासुद्धा, एका पिशवीत भरून डॉक्टरांच्या टेबलावर ओता. ते रागावतील. ऐकून घ्या.