रेडिएटरच्या बिलावरच्या एक-स्टार रिव्ह्यूला गॅरेजचं उत्तर

नमस्कार सर,

तुमचा रिव्ह्यू वाचला. तक्रारी तीन आहेत: रेडिएटर ऑनलाइन जेवढ्याला मिळतो त्याच्या जवळजवळ दुप्पट बिल झालं, गळती किरकोळ होती ती डाग देऊन किंवा लीक बंद करायचं औषध टाकून भागली असती, आणि होज पाइप व थर्मोस्टॅट (इंजिन तापलं की कूलंटला रेडिएटरची वाट उघडून देणारी झडप) आम्ही उगाच तुमच्या गळ्यात मारले. बिल तुमच्याकडे आहे, पण हे वाचणाऱ्यांकडे नाही, म्हणून इथेच लिहितो.

ऑनलाइनचा तुमचा आकडा खरा आहे. पण तो खोक्यातल्या रेडिएटरचा भाव. तुमच्या गाडीत पुढचा बंपर, ग्रिल आणि प्लास्टिकच्या चौकटीसकट फॅन उतरवल्याशिवाय रेडिएटरला हातच पोचत नाही. एसीचा कंडेन्सर त्याच्याच अंगावर क्लिपांनी बसवलेला. तो गॅस न सोडता बाजूला बांधून ठेवला, म्हणून एसी गॅसचा खर्च तुमच्या बिलात नाही. गाडी ऑटोमॅटिक असल्यामुळे गिअरबॉक्सचं ऑइलही रेडिएटरच्या टाकीतूनच गार होऊन जातं. त्या लाइन सोडल्या, जेवढं ऑइल गेलं तेवढं नवीन भरलं. मग कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं द्रव, भरलं, आणि सगळ्यात वेळखाऊ काम म्हणजे हवा काढणं. इंजिन चालू ठेवायचं, हीटर फुल गरमवर, थर्मोस्टॅट उघडेपर्यंत वाट बघायची, बुडबुडे थांबले की पातळी भरायची, फॅन वेळेवर लागतो-सुटतो का ते बघायचं. इथे घाई केली की एअर लॉक, म्हणजे आत अडकलेली हवा, राहतो आणि नव्या रेडिएटरची गाडीही तापते. बिलात हे सगळं ‘लेबर’ या एका ओळीत येतं.

पार्टवर आम्ही नफा घेतो, त्यात लपवण्यासारखं काही नाही. आम्ही आणलेला रेडिएटर गळला तर परत खोलायची मजुरी आमच्या अंगावर. तुम्ही आणलेला गळला तर ती तुमच्या.

आता डाग देण्याबद्दल. पूर्वीचे रेडिएटर तांब्या-पितळेचे असत, डाग देऊन देऊन लोक ते वर्षानुवर्षं चालवत. आताचा गाभा अ‍ॅल्युमिनियमचा आणि टोकांच्या टाक्या काचतंतू मिसळलेल्या नायलॉनच्या, मध्ये रबरी सील. नायलॉनला डाग कुठून देणार? तुमच्या गाडीचा तडा वरच्या होजच्या तोंडाशी, केसाएवढा होता. इंजिन गार असताना पूर्ण कोरडा, म्हणून तुम्हाला पार्किंगमध्ये थेंब दिसत नव्हता. टेस्टरने 1 बारच्या आसपास दाब दिला, गाडी चालताना साधारण तेवढाच असतो, आणि तिथून बारीक फवारा उडाला. त्याचा व्हिडिओ त्याच दिवशी तुम्हाला पाठवलाय.

दाबावर एवढा जोर का, तेही सांगतो. निम्मं कूलंट, निम्मं पाणी असं मिश्रण उघड्यावर साधारण 107 अंश सेल्सिअसला उकळतं, 1 बार दाबाखाली तेच 129 च्या आसपास. तड्यातून दाब निघून गेला की हा सगळा फरक गेला. चढावर, ट्रॅफिकमध्ये तापमानाचा काटा वर जातो, आणि अ‍ॅल्युमिनियमचं हेड (इंजिनचा वरचा भाग) एकदा वाकलं की गॅस्केटसकट जे बिल येतं त्यापुढे रेडिएटरचं बिल काहीच नाही. लीकचं औषध अडीअडचणीला, घरी पोचण्यापुरतं ठीक. दाबाने उघडणाऱ्या तड्यावर ते टिकत नाही, आणि हीटरच्या अरुंद नळ्या मात्र चोंदवतं. मी ते गिऱ्हाइकाच्या गाडीत टाकत नाही.

होजबद्दल मी ऐकून घेणार नाही. खालचा होज क्लिपच्या मागे फुगला होता, दाबला की बोट आत जात होतं. नव्या रेडिएटरला तो लावून गाडी सोडली असती आणि तो वाटेत फुटला असता, तर तुम्ही आलाच नसता का भांडायला? थर्मोस्टॅट बंद पडलेला नव्हता, हे खरं. पण जुना होता, आणि कूलंट उतरवलेलंच असल्यामुळे बदलायची वेगळी मजुरी लागली नाही. पार्टचेच पैसे लावलेत. नंतर बदलायचा तर कूलंट परत उतरवा, परत भरा, परत हवा काढा. हे फोनवर सांगितलं होतं आणि ‘करून टाका’ असं तुम्हीच म्हणालात.

जुना रेडिएटर, होज आणि थर्मोस्टॅट गाडीचा नंबर लिहून बाजूला ठेवलेत, कधीही येऊन बघा. दुसऱ्या गॅरेजला दाखवायचे असतील तर खुशाल घेऊन जा.

सुरुवातीचे काही दिवस सकाळी इंजिन गार असताना कूलंटच्या डब्याची पातळी बघत जा. उरलीसुरली हवा निघते तशी ती थोडी उतरते, त्यात घाबरण्यासारखं नाही. खालच्या खुणेच्याही खाली गेली तर नळाचं पाणी किंवा रंग बघून दुसरं कूलंट ओतू नका, रंगावरून कूलंटची जात कळत नाही. गाडी इकडे आणा, त्याच कॅनमधलं भरून देतो. त्याचे पैसे नाहीत.