उजवा अंगचोर

गाडी तपासणीला न्यायच्या आदल्या दिवशी मी ती धुतली, पुसली, डॅशबोर्डसुद्धा चमकवला. दिवे लागत होते, हॉर्न वाजत होता, वायपर हलत होते. ब्रेकचं म्हणाल तर मारला की गाडी थांबायचीच. थांबताना जरा डावीकडे कलायची, पण स्वभावाला औषध नसतं. मी स्टिअरिंग किंचित उजवीकडे धरून ठेवायचो आणि विषय मिटायचा. बायको मात्र दर सिग्नलला विचारायची, "अहो, डावीकडे कोण राहतं आपलं?"

माझ्याकडे उत्तरं तयार असायची. रस्त्यालाच उतार आहे. टायरमध्ये हवा कमी-जास्त असेल. अलाइनमेंट तर मी दोनदा करून घेतलं होतं आणि दोन्ही वेळा फरक पडल्याचं स्वतःला पटवलंही होतं.

तपासणीच्या ठिकाणी जमिनीत रोलर बसवलेले होते. पुढची दोन चाकं त्यांत उतरली आणि रोलर हळूहळू फिरू लागले. दोन्ही चाकांचे रोलर वेगवेगळे, म्हणजे एकाचं पाप दुसऱ्याच्या पुण्याईत लपत नाही. "सावकाश ब्रेक दाबा," तपासनीस म्हणाले. समोर दोन काटे, एकेका चाकाच्या ब्रेकचा जोर दाखवणारे. डावा ऐटीत 2.4 किलोन्यूटनवर जाऊन उभा राहिला. उजवा धापा टाकत 1.5 पर्यंत आला आणि तिथेच त्याने बसकण मारली.

"नापास."

"पण थांबते की गाडी!"

"थांबते. सरळ थांबत नाही."

मग त्यांनी हिशेब मांडला. दोन्हींतला फरक 0.9, त्याला मोठ्या आकड्याने भागायचं: 37.5 टक्के. पुढच्या दोन चाकांत 30 टक्क्यांपर्यंतचा फरक बऱ्याच ठिकाणी चालवून घेतात. टक्के जास्त पडले म्हणून नापास व्हायची ही माझी पहिलीच वेळ.

"मग डावा ब्रेकही 1.5 वर आणला तर?" मी तोडगा सुचवला. त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं तिचं वर्णन करत नाही. गाडीच्या वजनाच्या मानाने एकूण ब्रेक किती लागतो, याचीही वेगळी परीक्षा असते म्हणे. ओल्या रस्त्यावर वेगात असताना जोरात ब्रेक मारलात, तर जोरकस बाजू गाडीला अशी ओढेल की तुमचा तो स्टिअरिंग धरायचा हातखंडा कामी यायचा नाही, असंही त्यांनी शांतपणे सांगितलं. हातखंडा त्यांना कसा कळला कोण जाणे.

मेकॅनिकने उजवं चाक काढलं आणि चाकाबरोबर फिरणाऱ्या चकतीला दोन ब्रेक पॅडच्या चिमटीत धरणाऱ्या कॅलिपरला हात घालताच निकाल दिला, "अंगचोर आहे हा." कॅलिपर ज्या दोन पिनांवर मागेपुढे सरकतो, त्यांतली एक हलत होती. दुसरी ठोकून, फिरवून, चार शब्द सुनावून बाहेर काढावी लागली. तिच्यावरचं ग्रीस वाळून गंजाशी एकजीव झालं होतं आणि धूळ आत येऊ नये म्हणून असलेली रबरी टोपी फाटली होती. कॅलिपर सरकतच नसल्याने आतला ब्रेक पॅड एकटाच राबून पापडाएवढा पातळ झाला होता. बाहेरचा मात्र आजच खोक्यातून काढल्यासारखा. एका घरात राहून इतका फरक मी फक्त भावाभावांतच पाहिला आहे.

पिना साफ झाल्या, कडक उष्णता सोसणारं ग्रीस लागलं, टोपी बदलली. पॅड मात्र दोन्ही चाकांचे घालावे लागले. डाव्याने काय गुन्हा केला, असं मी विचारलं. "एका बाजूचेच बदलले तर परत त्याच काट्यांसमोर याल," मेकॅनिक म्हणाला.

फेरतपासणीत डावा 2.4, उजवा 2.2. जेमतेम 8 टक्के. इतके कमी टक्के मिळाल्याचा आनंद मी घरी फोन करून कळवला.

संध्याकाळी बायकोला घेऊन मोठ्या ऐटीत निघालो. पहिल्याच सिग्नलला ब्रेक मारला. हाताला सवय जुनीच, स्टिअरिंग आपसूक उजवीकडे धरलेलं. गाडी आज्ञाधारकपणे तिकडे वळली.

बायकोने खिडकीतून बाहेर पाहतच विचारलं, "आता उजवीकडे कोण राहायला आलं?"