रायगडावर कुजबुज ऐकायला गेलो होतो

पाठीवरच्या पिशवीला ब्लूटूथ स्पीकर लटकवून गड चढणाऱ्या मंडळींना मला एकदा शांतपणे विचारायचे आहे की, चौदाशेहून अधिक पायऱ्या घाम गाळून चढायच्या आणि वर पोहोचल्यावर गल्लीतल्या मांडवात ऐकू येते तेच ऐकायचे असेल, तर एवढी तंगडतोड कशासाठी? शांतपणे विचारायचे आहे असे म्हटले खरे, पण त्या रविवारी मी शांत नव्हतो आणि हे लिहितानाही नाही.

पुण्याहून पहाटे चारला निघालो, ताम्हिणी उतरून पाचाडला पोहोचलो आणि रोपवेचा मोह टाळून चित्त दरवाजाच्या वाटेने नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन पायी चढलो. तिला रायगड दाखवण्याचे आमिष एकच होते. राजसभेत सिंहासनाच्या जागेपासून नगारखान्यापर्यंत सुमारे २०० फुटांचे अंतर आहे, आणि तरीही एका टोकाला हळू आवाजात बोललेले दुसऱ्या टोकाला ऐकू येते. मी लहान असताना वडिलांनी मला नगारखान्यापाशी उभे करून पलीकडे नुसता कागद चुरगाळला होता, आणि तो आवाज माझ्या कानाशी आल्यासारखा आला होता. ६ जून १६७४ रोजी ज्या जागी राज्याभिषेक झाला, तिथे ध्वनिक्षेपकाविना दरबार कसा चालत असेल, हे कोणत्याही पाठ्यपुस्तकापेक्षा त्या एका कागदाने मला चांगले समजावले होते.

म्हणून आठवडाभर आमची तयारी चालली होती. ती सिंहासनाच्या जागेवरच्या मेघडंबरीजवळच्या कठड्याशी उभी राहणार, मी नगारखान्याच्या कमानीखालून एक वाक्य हळूच बोलणार आणि ते तिने मला येऊन सांगायचे, असे ठरले होते. मी वाक्य बोललो. ती धावत आली आणि म्हणाली, "बाबा, मला फक्त ढिंचॅक ढिंचॅक ऐकू आलं."

राजसभेच्या बरोबर मधोमध दहा-बाराजणांचे टोळके बसले होते. मध्ये पाण्याच्या बाटलीएवढा स्पीकर, त्याच्या बुडाशी निळा दिवा लुकलुकतो आहे आणि दर ठोक्याला शेजारचे वेफर्सचे रिकामे पाकीट थरथरते आहे. जी रचना कुजबुज पोहोचवण्यासाठी केली आहे, ती ढणढणाटही तितक्याच इमानदारीने पोहोचवते, हे मला त्या दिवशी कळले. मी जाऊन अजिजीने म्हणालो की पाच मिनिटे बंद करता का, मुलीला इथली एक गंमत दाखवायची आहे. त्यावर मिळालेले उत्तर असे: "काका, महाराजांचंच गाणं आहे, तुम्हाला काय त्रास आहे?"

यापुढे बोलायचे तरी काय! आता आवाज बंद करायला सांगणारा मी महाराजांचा विरोधक ठरलो होतो. गाणे महाराजांचे आहे म्हणून त्याचा कर्कशपणा कमी होत नाही, आणि भक्ती ही काय डेसिबलमध्ये मोजायची गोष्ट आहे? टोळक्यातलाच दुसरा एक तरुण तेवढ्यात गारद, म्हणजे महाराजांच्या बिरुदांची ललकारी, देऊ लागला. अंगावर काटा यावा अशी ती गोष्ट आहे, आणि पहिल्या वेळी माझ्याही अंगावर आला. पण भगवा नीट चौकटीत आला नाही म्हणून मित्राने त्याला ती पुन्हा द्यायला लावली, आणि मध्ये कुणीतरी आडवे गेले म्हणून तिसऱ्यांदा. तिसऱ्या वेळी तो घोषणेच्या मध्येच हसला.

जुलै २०२५ मध्ये रायगडासह १२ किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, तेव्हा ज्यांनी अभिमानाचे स्टेटस ठेवले, त्यांतलेच कित्येकजण गडावर असे वागत असणार, याची मला खात्री आहे. १८१८ मध्ये इंग्रजांनी पोटल्याच्या डोंगरावरून तोफा डागल्या, वाडे जळाले, लाकूडकाम गेले आणि आपल्या वाट्याला बहुतांशी जोती उरली. ज्या थोड्या गोष्टी त्या आगीतूनही वाचल्या, त्यांत हा आवाजाचा चमत्कार आहे, आणि तो आपण रविवारी दुपारी आपल्याच हाताने बुजवून टाकतो.

जगदीश्वराच्या देवळापाशीही तोच प्रकार. तिथल्या पायरीवर गड बांधणाऱ्या हिरोजी इंदुलकरांचे नाव आहे, "सेवेचे ठायी तत्पर". एवढा गड उभा करणाऱ्या माणसाने आपले नाव कोरले ते पायदळी येईल अशा दगडावर, आणि इकडे तटाच्या चिऱ्यावर कुणा प्रेमवीराने खिळ्याने ओरखडलेला बाण आणि दोन अक्षरे! मुलगी ते वाचत असताना मागून ढणढणाट पुन्हा जवळ आला, आणि समाधीपाशी आम्ही हात जोडले तेही त्याच ठेक्यावर.

उतरताना महादरवाजाच्या जरा खाली तेच टोळके पायऱ्यांवर बसलेले दिसले. स्पीकर गप्प होता. मघाच्याच मुलाने मला ओळखले नाही, तो उठून अतिशय अदबीने म्हणाला, "काका, तुमच्याकडे पॉवरबँक आहे का? दहा मिनिटांसाठी फक्त." ती माझ्या पिशवीच्या वरच्याच कप्प्यात होती, पूर्ण भरलेली. मी नाही म्हणालो.