गीझरचा दिवा विझला म्हणजे वीज तुटली, हे खरे नाही

‘गीझरचा दिवा विझला की आतील वीजपुरवठा तुटतो, मग बटण चालू ठेवून अंघोळ केली तरी धोका नाही,’ असा संदेश मुंबईतील अनेक सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरत आहे. तो चुकीचा आहे.

पाणी ठरलेल्या तापमानाला पोहोचले की थर्मोस्टॅट कॉइलकडे जाणारा प्रवाह तोडतो आणि दिवा विझतो; मात्र साध्या गीझरमध्ये तो बहुधा एकच वायर तोडतो, ती म्हणजे फेज (वीज आणणारी वायर). सॉकेटमध्ये फेज आणि न्यूट्रल (वीज परत नेणारी वायर) उलटे जोडलेले असतील, तर थर्मोस्टॅट न्यूट्रल तोडतो, दिवा विझतो आणि कॉइल मात्र फेजला जोडलेलीच राहते. अशा वेळी कॉइलचे आवरण तडकलेले असेल, तर वीज टाकीत आणि पाण्यात उतरू शकते.

तेथे जीव वाचवते ते अर्थिंग, म्हणजे गळणारी वीज जमिनीत नेणारी जोडणी; पण परळच्या एका जुन्या इमारतीत तीन भोकांच्या सॉकेटमागे अर्थिंगची हिरवी वायर नुसती गुंडाळून ठेवलेली मी स्वतः पाहिली आहे. एमसीबी, म्हणजे प्रवाह फार वाढला की आपोआप पडणारा स्विच, जादा भार आणि शॉर्टसर्किटसाठी असते. माणसाला बसणाऱ्या धक्क्यापासून वाचण्यासाठी 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच, लागते. म्हणून अंघोळीपूर्वी बटण बंद करावे, आणि अर्थिंग परवानाधारक वायरमनकडून तपासून घ्यावे.