फिलर टोचल्यानंतरचा पहिला तास

ओठ भरीव करण्यासाठी किंवा नाकाचा आकार सुधारण्यासाठी कोणी फिलर, म्हणजे त्वचेखाली टोचून भराव देणारे द्रव्य, घेत असेल तर माझी काही हरकत नाही. हरकत आहे ती वैद्यकीय शिक्षण आणि परवाना नसताना एखाद्या छोट्या कोर्सच्या प्रमाणपत्रावर सुई हातात घेणाऱ्यांना, आणि "ही काही शस्त्रक्रिया नव्हे" या त्यांच्या लाघवी आश्वासनाला.

चेहऱ्यातील रक्तवाहिन्यांचे जाळे दाट असते आणि त्यांचा मार्ग प्रत्येकात थोडा वेगळा असतो. फिलर चुकून धमनीत गेले की रक्तपुरवठा अडतो, त्वचा पांढरी पडते, मग तिच्यावर जाळीसारखी निळसर-जांभळी नक्षी उमटते आणि वेळीच उपाय झाला नाही तर तेवढी त्वचा मरते. भुवयांमधली जागा आणि नाक हे भाग विशेष धोक्याचे, कारण तिथल्या धमन्या डोळ्याला रक्त पुरवणाऱ्या धमनीशी जोडलेल्या असतात. जोराने दाबलेले फिलर उलट्या दिशेने सरकून दृष्टिपटलाच्या धमनीत अडकले, तर काही क्षणांत त्या डोळ्याची दृष्टी जाते आणि ती सहसा परत येत नाही. असे क्वचित घडते आणि निष्णात डॉक्टरांच्या हातूनही घडते, हे मला मान्य आहे.

पण डॉक्टर त्वचेचा बदललेला रंग ओळखतात, बोटाने दाबून रक्त किती वेगाने परत भरते ते पाहतात आणि फिलर हायल्युरॉनिक अ‍ॅसिडचे असेल तर ते विरघळवणारे हायल्युरॉनिडेझ लगेच टोचतात. परवाना नसलेल्या माणसाकडे बहुधा हे औषध नसते, असले तरी त्याची मात्रा आणि त्यातून उद्भवू शकणारी अ‍ॅलर्जी हाताळण्याची तयारी नसते. तो म्हणतो, "सूज आहे, बर्फ लावा." थंडाव्याने रक्तवाहिन्या आणखी आकसतात! त्यातच बऱ्याच फिलरमध्ये भूल देणारे औषध मिसळलेले असल्याने धोक्याची सूचना देणारी वेदनाही दबलेली असू शकते.

सिरिंजमध्ये द्रवरूप सिलिकोन असेल, तर ते विरघळवणारे औषधच नाही, आणि त्याच्या गाठी कित्येक वर्षांनीही उद्भवू शकतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पॅराफिन टोचण्याची टूम निघाली होती, तिचा शेवटही अशाच गाठींत झाला. सुईविना दाबाने फिलर आत ढकलणाऱ्या पेनबाबत अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने 2021 मध्ये इशारा दिला, तरी "सुई नाही म्हणजे धोका नाही" असे सांगून ती विकली जातातच.

म्हणून दर विचारण्याआधी टोचणाऱ्याचा वैद्यकीय परवाना पाहावा, हायल्युरॉनिडेझ जवळ आहे का ते विचारावे आणि सीलबंद पाकीट आपल्यासमोर उघडायला लावून त्यावरील नाव व बॅच क्रमांकाची नोंद आपल्याकडे ठेवावी. पुढे काही बिघडले, तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना आधी हेच ठरवावे लागते की आत काय आहे, आणि ज्याने टोचले त्याने तोवर फोन उचलणे बंद केलेले असू शकते.