‘क्लासला घातलं की नाक मोडणारच’: फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

नाशिकच्या पालकांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. “बॉक्सिंग, एमएमए, कराटे, कुस्ती, कशालाही घाला, वर्षभरात पोराचं नाक मोडणारच. रक्त आलं की मोडलं समजा. हेडगार्ड असेल तर काळजी नाही. मोडलं तर सर तिथंच ओढून सरळ करतात. एक्स-रे साफ आला की विषय संपला.” यातलं एकही वाक्य टिकत नाही. शेवटची दोन तर अशी आहेत की त्यांवर विसंबून एखाद्या मुलाचं नाक कायमचं खचेल.

आधी “मोडणारच” बघू. चेहऱ्याच्या हाडांत नाकाचं हाड सगळ्यांत जास्त मोडतं, हे खरं आहे. नाकाच्या वरच्या भागात दोनच पातळ हाडं असतात आणि खाली सगळी कूर्चा, म्हणजे मऊ, लवचीक हाड. पण किती वेळा मोडतं? अमेरिकेतल्या नेवाडा राज्यात २००१ ते २००४ या काळात झालेल्या १७१ व्यावसायिक एमएमए (ठोसे, लाथा आणि कुस्ती एकत्र असलेला खेळ) लढतींचा अभ्यास झाला होता. त्यात एकूण ९६ दुखापती नोंदल्या गेल्या. जवळपास निम्म्या चेहऱ्याची कातडी फाटण्याच्या, १३.५ टक्के हाताच्या आणि १०.४ टक्के नाकाच्या. १७१ लढती म्हणजे ३४२ वेळा कुणीतरी आत उतरलं आणि नाकाला लागलं दहाएक जणांच्या. शंभरामागे तीन. तेही कमावलेले पुरुष, पातळ ग्लोव्ह्ज, हेडगार्ड नाही आणि प्रत्येक ठोसा पूर्ण ताकदीचा. गंगापूर रोडच्या क्लासात आठवड्यातून तीनदा टांगलेली बॅग आणि सरांच्या हातातले पॅड मारणारं बारा वर्षांचं पोर या हिशोबात कुठंच बसत नाही.

शिवाय सगळे खेळ एका दावणीला बांधता येत नाहीत. ज्युदोत ठोसा नाही, लाथ नाही. तायक्वांदोत डोक्यावर लाथ चालते, ठोसा चालत नाही. स्पर्धेच्या कराटेत चेहऱ्यावरचा ठोसा ताब्यात ठेवावा लागतो. जोरात बसला तर मारणाऱ्यालाच दंड होतो. कुस्तीत नाक फुटतं ते बहुतेक पट काढताना, म्हणजे समोरच्याचा पाय ओढून पाडताना. डोकं खाली घालून पायाला भिडावं आणि नेमका समोरच्याचा गुडघा वर यावा, किंवा दोघांची डोकी आपटावीत.

बॉक्सिंगमध्ये नवख्याचं नाक जायची कारणं ठरलेली आहेत. जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) मारून हात गालाशी परत न येता छातीशी येतो. हनुवटी वर राहते. ठोसा येताना डोळे मिटतात. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे दोन महिन्यांत स्पारिंग, म्हणजे सरावाची लढत, तेही वजनात दहा किलोंचा फरक असलेल्या जोडीदाराशी. ग्लोव्ह्जही बघा. मोठ्यांना स्पारिंगला १४ ते १६ औंसांचे लागतात. बोटांच्या गाठींवर अंगठ्यानं दाबा. आतलं पॅडिंग दबून चपटं झालं असेल, गाठी हाताला लागत असतील, तर ते ग्लोव्ह्ज फक्त बॅगसाठी ठेवा.

“हेडगार्ड असेल तर काळजी नाही.” नेहमीच्या हेडगार्डमध्ये नाक उघडंच असतं. ते कपाळ, भुवया आणि कान वाचवतं. नाकापुढं आडवा दांडा असलेलं हेडगार्ड मिळतं, ते सरावाला चांगलं. पण त्यानं खालचं कमी दिसतं, त्यामुळं अपरकट, म्हणजे खालून वर येणारा ठोसा, उशिरा कळतो. आणि पट्टा सैल असेल तर तोच दांडा नाकावर बसतो. घालून तळहातानं समोरून दाबा. दांडा नाकाला टेकला, तर माप चुकलंय. डोक्याला आतून बसणारा हादरा तर कुठलंच हेडगार्ड थांबवत नाही. २०१३ पासून वरिष्ठ पुरुषांच्या आंतरराष्ट्रीय बॉक्सिंगमधून हेडगार्ड काढलं गेलं आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये पुरुष त्याच्याशिवायच लढले. महिलांना मात्र ते ठेवलं होतं.

“रक्त आलं की मोडलं.” नाही. बहुतेक वेळा तो नुसता घोळणा फुटलेला असतो. दोन नाकपुड्यांमधल्या पडद्यावर, पुढच्या बाजूला, बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं कातडीच्या अगदी लगत असतं. डिसेंबर-जानेवारीत नाशिकची सकाळ थंड आणि कोरडी असते, तेव्हा हा भाग वाळतो, खपली धरते आणि हलक्या टपलीनंही वाहतो. मुलाला बसवा, डोकं पुढं झुकवा. हाडाखालचा मऊ भाग चिमटीत धरा आणि घड्याळ लावून १० ते १५ मिनिटं सोडू नका. दर मिनिटाला सोडून बघितलं की गुठळी निघते आणि पहिल्यापासून सुरू. डोकं मागं टाकलं तर रक्त घशात जातं, पोटात जातं, उलटी होते. नाक शिंकरू देऊ नका; आत तडा असेल तर हवा कातडीखाली घुसते आणि डोळा फुग्यासारखा फुगतो. अर्ध्या तासात थांबलं नाही तर दवाखाना.

मोडलंय हे रक्तावरून ठरत नाही. नाक वाकडं दिसणं, हाडाला हात लावताच कळ येणं किंवा हाड करकरणं, आणि दोन्ही डोळ्यांखाली काळंनिळं होणं, ही लक्षणं बघायची. पाण्यासारखं पातळ वाहत असेल, एकाचे दोन दिसत असतील, गाल बधिर असेल किंवा दात नीट जुळत नसतील, तर थेट हॉस्पिटल.

आता जागेवर ओढून सरळ करणं. आत काय मोडलंय हे न बघता ओढलं तर पडदा आणखी फाटतो आणि रक्त वाढतं. नाक बसवायची वेळ डॉक्टर ठरवतात: सूज यायच्या आधी पहिल्या काही तासांत, नाहीतर सूज उतरल्यावर. मोठ्यांना साधारण ७ ते १० दिवस हाताशी असतात. मुलांचं हाड लवकर जुळतं, त्यांना आठवड्याच्या आतच बसवावं लागतं.

आणि “एक्स-रे साफ”. एक्स-रेमध्ये कूर्चा दिसतच नाही. हाडावरच्या नैसर्गिक रेघा तड्यासारख्या दिसतात आणि खरा तडा निसटून जातो. म्हणून कान-नाक-घसा तज्ज्ञ हातानं तपासतात. मुलाचा समोरून काढलेला जुना फोटो सोबत न्या, तो जास्त कामाचा.

पण खरी भीती वेगळीच आहे, आणि तालमीतल्या माणसाला ती पटकन कळेल. पैलवानाचा कान का फुगतो? कूर्चा आणि तिच्यावरचं पातळ आवरण यांच्यामध्ये रक्त साठतं. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, ती त्या आवरणावरच जगते. आवरण सुटलं की कूर्चा मरते आणि कान गोळा होतो. नाकाच्या पडद्यातही हेच घडतं, फक्त ते बाहेरून दिसत नाही. हाड न मोडताही घडतं, आणि मुलांत जास्त. तीन-चार दिवसांत कूर्चा गळते, पू होतो आणि नाकाचा मधला भाग घोड्याच्या खोगिरासारखा खचतो. वाढत्या वयात नाकाची पुढची वाढही बिघडते.

ते बघायला एक मिनिट लागतं. मार लागला त्या संध्याकाळी आणि पुढचे तीन दिवस, नाकाचा शेंडा अंगठ्यानं वर उचला आणि मोबाइलची बॅटरी दोन्ही नाकपुड्यांत मारा. पडदा गुलाबी आणि पातळ दिसायला हवा. जांभळट-लाल, फुगीर, पिकल्या जांभळासारखं काही एका किंवा दोन्ही बाजूंनी दिसलं, नाक गच्च झालं, दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढत गेलं किंवा ताप आला, तर सकाळची वाट न बघता निघा. डॉक्टर छेद देऊन रक्त काढतात आणि ते पुन्हा साठू नये म्हणून आत पट्टी भरतात. एवढ्यानं नाक वाचतं.

मोडलेल्या नाकानं परत कधी उतरायचं? चालणं लगेच चालतं. धावणं, शॅडो (हवेत ठोसे मारणं) आणि पॅड डॉक्टरांनी हो म्हटल्यावर, साधारण दोन आठवड्यांनी. स्पारिंग सहा आठवडे बंद. कुस्तीची जोडही तितकेच दिवस बंद, कारण पट काढताना डोकंच आधी पुढं जातं.