वर्गणीच्या वहीतलं नाव: एका प्रतिक्रियेला उत्तर

मिश्र वंशाची पात्रं कथेत कशी उभी करावीत, या लेखावर तुम्ही सविस्तर आणि परखड लिहिलंत, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. बाकीच्या वाचकांसाठी तुमचे आक्षेप थोडक्यात असे: हा परदेशी कादंबऱ्यांचा विषय आहे, कोकणात प्रश्न जातीचा असतो, वंशाचा नाही. बापाची जात मुलाला लागते, त्यामुळे ‘मी कुणाचा’ हा पेच आपल्याकडे पडतच नाही. आणि पात्राला शेवटी आपलं घर मिळायलाच हवं, नाहीतर वाचक फसवला जातो. सोबत तुमच्या कथेचा आराखडाही दिलात: दाभोळकडचा बोटीवर नोकरीला असलेला माणूस, फिलिपिन्सची बायको, आई वारल्यावर आजीकडे राहायला आलेली बारा वर्षांची मुलगी.

पहिल्या आक्षेपातलं अर्धं मला मान्य आहे. जात बाजूला ठेवून कोकणात वंशाची गोष्ट सांगितली तर ती खोटी पडणार. पण वंशाचा प्रश्न इथे नव्हताच, हे पटत नाही. अलिबागकडचे बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू, घ्या. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून गावकरी त्यांना शनवार तेली म्हणत. घरात मराठी, आडनावं गावावरून पडलेली: किहीमकर, नवगावकर, पेणकर. या एवढ्याशा समाजातही ‘गोरे’ आणि ‘काळे’ असे दोन भाग होते. समाजाबाहेरच्या बाईपासून झालेली संतती काळ्यांत धरली जाई आणि दोघांत सोयरीक होत नसे. कातडी कुणी पाहत नव्हतं, जन्म पाहत होते. वंश आणि जात इथे एकमेकांत अशी विणली गेली आहेत की लेखकाला दोन्ही एकदमच हाताळावी लागतात.

रत्नागिरीत तर याहून ठसठशीत उदाहरण आहे. ब्रह्मदेशचा पदच्युत राजा थिबा १८८६ साली तिथे नजरकैदेत आला आणि १९१६ साली तिथेच वारला. त्याची थोरली मुलगी आणि त्याच्याकडे नोकरीला असलेले गोपाळ सावंत यांची मुलगी टूटू, जन्म १९०६. तिचं लग्न रत्नागिरीतल्या पवारांशी झालं, संसार मराठीत झाला आणि २००० साली ती तिथेच गेली. असं पात्र कुणी नवखा लेखक हाती घेतो तेव्हा पहिल्याच पानावर तिला आरशासमोर उभी करतो आणि डोळ्यांची ठेवण न्याहाळायला लावतो. मला हे फार खटकतं. शेजारीण तिच्याकडे हळदीकुंकवाला आली का, तिच्या पोरांच्या लग्नात पंगतीला कोण बसलं, दुकानदाराने उधारीच्या वहीत तिचं नाव काय लिहिलं, यातून ती कुणाची हे कळतं. आपलेपणा ही मनातली भावना असेलही, पण कथेत ती दिसते ती दुसऱ्यांनी केलेल्या मोजणीतून. माझ्या मूळ लेखाचं म्हणणं एवढंच होतं.

दिसण्याबद्दल एक व्यवहारी गोष्ट. तुमच्या आराखड्यात घाऱ्या डोळ्यांचा एक पोरगाही आहे आणि ती पोर्तुगीज रक्ताची खूण मानली आहे. गुहागर-चिपळूण पट्ट्यात चित्पावनांच्या घरोघरी घारे डोळे सापडतात, तिथला वाचक त्यावरून काहीच ओळखणार नाही. चार-पाच हजार शब्दांच्या कथेत रूपाचा उल्लेख फार तर दोनदा यावा, त्यातला एक परक्या माणसाच्या तोंडून.

त्याच पोराच्या पणजोबाला तुम्ही चौलचा पोर्तुगीज शिपाई केलं आहे. इथे हिशेब चुकतो. पोर्तुगीजांनी चौल १७४० साली सोडलं. पंचवीस-तीस वर्षांची एक पिढी धरली तर तो शिपाई आजच्या पोराच्या दहाएक पिढ्या मागे जातो. पणजोबाच हवा असेल तर पोराचं घराणं सावंतवाडी-बांद्याकडे न्या, कारण पलीकडे गोव्यात पोर्तुगीज अंमल १९६१ पर्यंत होता. ते चौलजवळच्या कोर्लईतच ठेवायचं असेल तर पोराच्या आजीच्या तोंडी गोव्याची कोकणी घालू नका. कोर्लई किल्ल्याच्या पायथ्याच्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीजपासून झालेली एक वेगळीच बोली टिकून आहे, ते तिला ‘नो लिंग’ म्हणतात. शब्द बहुतेक पोर्तुगीज, पण क्रियापद मराठीसारखं वाक्याच्या शेवटी. शेकडो वर्षं मराठीच्या शेजाराला राहून वाक्याची घडणच बदलली, यापेक्षा चांगला कथाविषय कुठे मिळायचा?

आता बापाची जात. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने रमेशभाई दाभाई नायका विरुद्ध गुजरात राज्य या खटल्यात म्हटलं की, मूल बापाच्या जातीचं असं गृहीत धरता येईल, पण ते गृहीतक पुराव्याने खोडता येतं. त्या प्रकरणात आई आदिवासी आणि बाप बिगरआदिवासी होता. मूल आईच्या समाजात वाढलं का, त्या समाजाची हालअपेष्टा त्याच्याही वाट्याला आली का, समाजाने त्याला आपलं मानलं का, हे पाहायचं. म्हणजे कथेने विचारायचे तेच प्रश्न न्यायालय विचारतं, आणि उत्तर साक्षीपुराव्यातून मागतं.

तुमच्या कथेत बाप गावचा आहे, त्यामुळे कागद सोपा जाईल. घर कुणबी असेल तर ओबीसी दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीची नोंद लागते. आजोबांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ती सापडते आणि प्रांत कार्यालयातून काम होतं. पण आईबापाचं लग्न मुंबईत १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली झालेलं असेल (परधर्मीय जोडीदार असल्यावर बहुधा तसंच होतं, आधी तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते), तर कलम १९ लागतं: एकत्र कुटुंबातल्या हिंदू माणसाने परधर्मीयाशी या कायद्याखाली लग्न केलं की तो त्या कुटुंबातून विभक्त झाला असं धरलं जातं. वारसा मग १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याने ठरतो. कोकणातल्या सामायिक सातबाऱ्यावर किती नावं लटकलेली असतात ते तुम्हाला ठाऊक आहे. चुलता म्हणणार, ‘तुझो बापूस तेव्हाच वेगळो झालो.’ ते अर्धंच खरं असतं. विभक्त झाला तरी वडिलोपार्जित मिळकतीतला त्याचा हिस्सा बुडत नाही. या अर्ध्या सत्यावर अख्खी कथा उभी राहील.

बोली मात्र पारखून घ्या. वरचं वाक्य मालवणी वळणाचं आहे, दाभोळच्या कुणबी घरात ते तसंच चालणार नाही.

आईबाप उलटे करून पाहा, म्हणजे माझा मुद्दा नीट दिसेल. आई गावची आणि बाप परका असता तर मुलीला आजोळ मिळालं असतं, मांडीवर घेणारी आजी मिळाली असती, पण आडनाव आणि गावकीतली जागा नसती. बाप गावचा असल्यामुळे आडनाव आहे, जमीन आहे, आणि चुलीजवळ तिचं काय चालतं ते कुणालाच माहीत नाही. तुमची कथा या चुलीजवळच आहे. फिलिपिन्सकडे सिनिगांग नावाचं माशाचं आंबट पाणीदार कालवण चिंचेत करतात. मुलगी बांगड्याच्या कालवणात आमसुलाऐवजी चिंच मागेल, तिरफळ दाताखाली आलं की थुंकेल. ती आजीला ‘लोला’ म्हणेल. लगेच ‘म्हणजे आजी’ असं लिहू नका. आजीने ओ दिली की वाचकाला समजतं. तगालोग या तिकडच्या भाषेचे असे आठ-दहा शब्द अख्ख्या कथेला पुरेत.

शेवटाबद्दल माझं मत ठाम आहे. घर मिळालं किंवा नाही मिळालं, असे दोनच पर्याय ठेवले की कथा निकालपत्र होते. गावात माणूस एका वहीत असतो आणि दुसऱ्या वहीत नसतो, आणि आयुष्यभर तसाच राहतो. शिमग्याआधी वाडीची बैठक होते, घरटी वर्गणी ठरते, पोरं वही घेऊन फिरतात. बाप बोटीवर, आजी गुरांकडे, दारात मुलगी एकटी. पैसे डब्यात आहेत, तिला जागा माहीत आहे. पोरं तिच्या हातून पैसे घेतात की ‘आजीला बोलव’ म्हणतात? घेतले तर वहीत नाव कुणाचं घालतात, वारलेल्या आजोबांचं, बापाचं की तिचं? नंतर पालखी खळ्यात आल्यावर आरतीचं तबक कुणाच्या हातात असतं? मी लिहिली असती तर पैसे घेतले असते, नाव आजोबांचं घातलं असतं आणि तबक चुलतीच्या हाती दिलं असतं. तुम्हाला वेगळं सुचेल, सुचावंच.

तेव्हा तुमच्या आराखड्यातला मुलीने किनाऱ्यावर आईचा फोटो घेऊन बसण्याचा प्रसंग काढून टाका आणि वर्गणीचा आधी लिहा. सातबाऱ्याचा वाद आजीच्या हयातीतच पेटू द्या, ती गेल्यावर तो नुसता वकिलाचा होईल. पुढचा मसुदा झाला की कळवा, वारसाहक्काचा भाग मी ओळीनिशी तपासून देईन.